चौथा पत्ता

"...पण अण्णा, चौथ्या पत्त्याला समोरच्याने वाढवलं, तर भरायचं की पत्ते टाकायचे?"

कुबलअण्णा सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

निषाद रेगेने तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी जरा मोठ्याने आणि सावकाश. अण्णांना ऐकू चांगलं येतं. पण हुशार माणसाला उत्तर मिळालं नाही की समोरच्याच्या कानाची शंका येते.

अण्णांनी निम्मं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलं. बंदरोबंदरी पत्त्यांत नाव कमावलं आणि एके दिवशी पैशांचा खेळ सोडून वेंगुर्ल्याला घरी येऊन बसले. आता ते फक्त चिंचोके लावून खेळतात. तरी पणजीपासून बेळगावपर्यंतचे खेळाडू त्यांच्या पडवीत येतात. मी शेजारी. चहाला जातो आणि जे कानावर पडेल ते ऐकतो.

अण्णांचा खेळ म्हणजे लिमिट होल्डेम. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे. आधी तीन एकदम उघडतात, मग चौथा, मग पाचवा. दर वेळी किती लावायचं ते ठरलेलं असतं, आणि चौथ्यापासून ते दुप्पट होतं. वाटेल तेवढं लावून कुणाला पळवून लावता येत नाही. समोरचा कायम थोडंसंच मागतो.

आणि थोडंसं मागणाऱ्याला नाही म्हणणं फार जड जातं.

निषाद कोल्हापूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. पणजीच्या टेबलांवर नशीब काढायचं म्हणून बिनपगारी रजा घेऊन आला होता. रजा संपली. त्याने ती वाढवून घेतली, आणि पुन्हा वाढवून घेतली. आता प्राचार्यांनी निरोप धाडला होता की आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. बायको, विभा, एवढंच म्हणाली होती की काहीही ठरव, पण ठरव. हे सगळं त्याने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं आणि मग सांगितलंच नाही अशा थाटात पत्त्यांबद्दल बोलू लागला होता.

"बस," अण्णा म्हणाले. "खेळूया."

त्यांनी पान खाल्लं, पत्ते पिसले, वाटले आणि आपल्या दोन पत्त्यांवर अडकित्ता ठेवून दिला.

निषादला राजा आणि राणी आली. मध्ये राजा, नव्वी, चौकी उघडली. त्याला राजांची जोडी मिळाली होती आणि ते लपवण्याची त्याची धडपड मला पलीकडून दिसत होती.

तोवर मध्ये आठ चिंचोके जमले होते. चौथा पत्ता आला, गुलाम. निषादने दोन चिंचोके पुढे केले. अण्णांनी वाढवून चार केले.

निषाद थांबला. अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिला. अण्णा सावकाश पान चघळत होते.

"मध्ये चौदा आहेत," तो म्हणाला. "तुम्ही मागताय आणखी दोन. आठ वेळांत एकदा जरी मी जिंकलो तरी भरणं परवडतं."

"हिशेब बरोबर आसा."

निषादने दोन भरले. पाचवा पत्ता उघडला, दुर्री. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा पत्ता. अण्णांनी दोन पुढे सरकवले.

निषादने पुन्हा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं... मग ओठ आवळून आपले पत्ते टाकून दिले.

अण्णांनी ढीग आपल्याकडे ओढला.

"चौथ्याक कित्याक भरलंस?"

"स्वस्त होतं म्हणून."

"आणि पाचव्याक कित्याक टाकलंस?"

"तुमच्याकडे दोन जोड्या होत्या, अण्णा. नाहीतर तीन चौक्या. मी माणसं वाचतो. तुम्ही अगदी निवांत होतात."

अण्णांनी अडकित्ता उचलला आणि त्याखालचे पत्ते उलटे केले. सत्ती आणि छक्की. मध्ये जे उघडं होतं त्यातल्या कशाशीही त्या जुळत नव्हत्या.

"अरे," अण्णा वाकून म्हणाले. "सत्ती आसा."

निषादला कळायला थोडा वेळ लागला.

"तुम्ही... पाहिलेच नव्हते?"

"नाय."

मी पाहिलं होतं की त्यांनी पत्ते उचलले नाहीत. निषादही पाहू शकला असता, पण तो तेव्हा त्यांचं तोंड वाचत होता. त्या तोंडावर त्याला जे दिसलं ते त्याचं स्वतःचंच होतं. त्याचे कान लाल झाले. मला त्याची खरंच कीव आली.

थोड्या वेळाने अण्णांनी विचारलं, "चौथ्याक मी किती मागितलंय?"

"दोन."

"दोन नाय. चार."

...

निषादची बोटं चटईवर हलू लागली. चौथ्याला दोन, आणि पुढे पाचव्याला परत दोन. ते मागितल्याशिवाय अण्णा थोडेच राहणार होते.

"म्हणजे सोळा मिळवायला चार," तो हळू म्हणाला. "आठात एकदा नव्हे... पाचात एकदा. आणि तेही शेवटपर्यंत बसलो तर." तो थांबला. "मी नेहमीच असं करतो, अण्णा. चौथ्याला भरतो आणि पाचव्याला टाकतो. जर्मनीत संशोधनाला गेलो, शेवटचं वर्ष उरलं असताना सोडून परत आलो."

अण्णांनी विस्कटलेले पत्ते गोळा केले.

"प्राचार्यांना काय सांगू?"

अण्णांनी पत्ते पिसायला घेतले.

हा त्यांचा स्वभाव मला कधीकधी चीड आणतो. समोरचा माणूस जीव तोडून विचारतोय आणि हे पत्ते पिसतायत. पण त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण निषादने पत्ते उचलले होते.

दोन अठ्ठ्या. मध्ये दश्शी, पंजी, तिर्री उघडली. अण्णांच्या पत्त्यांवर पुन्हा अडकित्ता. निषादने लावलं, अण्णांनी वाढवलं, निषादने भरलं.

चौथा पत्ता आला, राणी. अठ्ठ्यांच्या जोडीला याहून वाईट पत्ते फार थोडे. तरी निषादने दोन लावले, आणि अण्णांनी चार केले.

बाहेर माडाची झावळी पडली. दोघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

या वेळी निषादने अण्णांच्या तोंडाकडे नजर वळवली नाही. आपल्या अठ्ठ्यांकडे पाहिलं. मधल्या पत्त्यांकडे पाहिलं. मग उरलेल्या चिंचोक्यांकडे. दोनदा पत्ते टाकायला हात उचलला आणि दोनदा खाली ठेवला...

मग त्याने चार चिंचोके मोजून घेतले. दोन मध्ये ठेवले. उरलेले दोन आपल्या गुडघ्याशी, चटईवर वेगळे काढून ठेवले.

"हे पाचव्याचे," तो म्हणाला. "पत्ता कुठलाही येवो."

अण्णांचा हात गड्डीकडे गेला होता. तो तिथेच थांबला. त्यांनी निषादकडे नीट पाहिलं. तो आल्यापासून पहिल्यांदाच पाहत असावेत. मग गड्डी उचलून, पाचवा पत्ता न काढताच, तिला दोरा गुंडाळला आणि पानाच्या डब्याशेजारी ठेवून दिली.

"अण्णा, पाचवा पत्ता?"

"तुका तो कित्याक व्हयो?"

"मी जिंकलो की हरलो ते कळायला नको? निदान तुमचे दोन तरी दाखवा."

अण्णांनी अडकित्त्यावर हात ठेवला, पण तो उचलला नाही. पडवीत ऊन उतरायला लागलं होतं. निषादचा फोन खांबाजवळ त्याच्या पिशवीवर पडला होता; प्राचार्यांना अजून कळवायचं होतं.

तो अडकित्त्याकडे पाहत राहिला. मग फोनकडे. मग पुन्हा अडकित्त्याकडे.

"पत्ते बघूचे तर बस," अण्णा म्हणाले. "फोन करूचो तर उठ."