चंद्रीचा पान्हा

एक होते मुरादबाबा फकीर, एक होता त्यांचा शिष्य विश्राम, आणि एक होती धुरपदाबाईची म्हैस चंद्री. म्हशीला उगाच शेवटी घातलं मी. सगळं तिच्यापायीच तर झालं.

विश्राम शहरात जिवाचं शास्त्र शिकून आलेला. पेशी न् पेशी तोंडपाठ. आता पुढचं शिकायचं होतं त्याला... इतके सगळे भाग मिळून एक जीव चालतो तो कसा?

बाबा त्याला धुरपदाच्या गोठ्यात घेऊन गेले. चंद्रीनं आठ दिवस पान्हा चोरलेला. दूध आत, थेंब बाहेर नाही. घर तिच्यावरच चालायचं, आणि तिला उद्या बाजारात न्यायची होती.

"बोल, पान्हा कुठं असतो?"

"कासेत, बाबा."

"कास तर तटतटलीय."

"मग मेंदूत. तिथून हुकूम सुटतो."

"मेंदू कुणी नेला का?"

"पारडू ढुशा देतं ना, त्याच्यात..."

"ते बघ, देतंय की सकाळपासून."

विश्राम कासेकडं बघे, शिंगांकडं बघे. सगळं जागच्या जागी. मग बिघडलं काय?

बाबांनी गोठ्यात चौफेर नजर फिरवली.

मग त्यांनी दांडीवरचं एक लुगडं ओढलं न् त्याच्या अंगावर टाकलं. "नेस."

"मी?"

"मग काय म्हैस नेसेल?"

नेसला बिचारा, चरवी घेऊन धारेला बसला. चंद्रीनं पदर हुंगला, डोळे मिटले. दोन धारा चरवीत वाजल्या! मग तिनं मान वळवली, मिशी बघितली, आणि हाणली लाथ.

विश्राम शेणात. धुरपदा हसता हसता एकदम रडायलाच लागली.

"माझ्या सुनेचं लुगडं हो ते. सगुणाच धार काढायची. ताकाच्या गाडग्यावरनं नको ते बोलले मी, तशी माहेरी गेली... आठ दिवस झाले."

डोळे पुसले, चपला घातल्या, आणि तडक शेजारच्या वाडीला गेली. दिवस मावळायच्या आत सासू-सून दोघी दारात.

सगुणा नुसती खाली बसली, तोच चंद्रीनं पान्हा सोडला. चरवी फेसानं भरली. बाजार राहिला, म्हैस राहिली, सूनही घरात राहिली.

विश्राम अजून लुगड्यातच उभा.

"पण बाबा, कास तीच, मेंदू तोच, पारडू तेच... मग पान्हा होता कुठं?"

बाबांनी झोळी खांद्याला लावली.

"सासूला विचार."