सिंह राशीचे दोन खडे

बंदरगडच्या राजपुत्राचं बारसं होतं. बाळाची रास सिंह, म्हणून त्र्यंबकशास्त्र्यांनी त्याच्या साखळीत माणिक जडवायला सांगितलं होतं. शास्त्रीबुवांचा शब्द म्हणजे राजवाड्यात काळ्या दगडावरची रेघ. तेवढ्यात समुद्रापलीकडून बाळाच्या आजोळची पेटी आली. त्या मुलखातही आकाशात सिंहच दिसतो, पण त्याचं रत्न पिवळं मानतात. आजोबांनी हौसेने पिवळा खडा पाठवला होता.

शास्त्रीबुवा भडकले. "एका राशीला दोन रत्नं कशी असतील? एक खरं, तर दुसरं खोटं. खडा परत पाठवा."

राणी तारावतीचा चेहरा उतरला. मग तिची नजर शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या मनगटावर गेली. तिने तो हात अलगद आपल्या हातात घेतला.

"शास्त्रीबुवा, ही पाटली आईसाहेबांच्या माहेरची आणि ही सासरची. दोन्ही एकाच हातात आहेत. यातली खोटी कोणती, तेवढं सांगा. आधी ती परत पाठवू."

शास्त्रीबुवांनी आईसाहेबांकडे पाहिलं आणि पंचांग मिटलं.

आईसाहेबांनी पेटी पुढे ओढली. "सोनाराला बोलवा," त्या म्हणाल्या. "माणकाच्या शेजारी माझ्या नातवाचं आजोळही बसू दे."