काजळवालीची जागा

एका राज्यात राजा होता, राजवाडा होता, फौजफाटा होता. पण ही गोष्ट त्यातल्या कशाचीच नाही. ही गोष्ट आहे घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका पेठेची. पेठ एवढीशी, पण नाव सात मुलखांत. का म्हणाल, तर तिथला रिवाजच जगावेगळा. तिथं आपल्या मालाची तारीफ आपल्या तोंडाने करायची नाही. ती करायची शेजाऱ्याने. तांबटाचा हंडा साळी वाखाणी, साळ्याचं लुगडं गंधी वाखाणी, आणि गंध्याचं अत्तर वाखाणी भिवरा कासारीण. मालात खोट असली तर तीही शेजाऱ्यानेच सांगायची. "हंडा झकास, पण कडी जरा सैल आहे हो!" आणि वाखाणलेला माल वाईट निघाला, तर भरपाई वाखाणणाऱ्याच्या गळ्यात. मग उगाच जीभ कोण सैल सोडील? गिऱ्हाईक डोळे मिटून खरेदी करी. पेठेत कोणी आजारी पडला तर शेजारी त्याचं दुकान चालवी, कोणाचं छप्पर उडालं तर सगळी पेठ वासे घेऊन धावे.

इतक्या चांगल्या माणसांच्या हातून चूक कशी होईल, असं ज्याला वाटेल त्याने कधी पेठेत पाऊल टाकलेलं नाही.

एके दिवशी एक परकी बाई वेशीतून आत आली. डोक्यावर टोपली, टोपलीत काजळाच्या डब्या. पेठेचा प्रमुख रायाजी शेट्ये. त्याच्याकडे तिने बसायला जागा मागितली.

शेट्ये म्हणाला, "तुला शेजारी कोण बसवून घेतो ते बघ. शेजारी नाही तर तारीफ नाही, तारीफ नाही तर विक्री नाही. आमचा रिवाज आहे."

भिवरा कासारणीच्या दुकानालगत हातभर जागा मोकळी होती. बाईने ती पाहिली, भिवरानेही पाहिली. पण अनोळखी बाईची हमी कोण घेणार? भिवरा मान खाली घालून बांगड्या पुसत राहिली. बाई दिवसभर वेशीजवळ उन्हात बसली. तिच्याशी कोणी चकार शब्द बोललं नाही. दिवस कलला तेव्हा तिने स्वतःच हाक दिली, "काजळ घ्या, चांगलं काजळ!" झालं! सगळी पेठ खो खो हसली. कोणी म्हणालं, हिने रिवाज मोडला. कोणी म्हणालं, असलं काजळ घातलं तर डोळे जातील. आणि तिची टोपली उचलून वेशीबाहेर ठेवण्यात आली.

ती बाई चेटकीण होती. तिचं नाव कज्जला. टोपली तिथंच सोडून ती घाट चढून गेली.

पुढं काय झालं ते भिवराने पाहिलं नाही, कारण दुसऱ्याच दिवशी ती चुड्यांचं ओझं घेऊन खेडोपाडी गेली होती. घरी तिची एकुलती एक लेक सुंद्रा, बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस अगदी भरत आले होते. भिवरा लगबगीने परतली, तर वेस नाही, दुकानं नाहीत, घर नाही. नुसतं काटेरी रान! बोरी आणि बाभळी एकमेकींत अशा गुंतलेल्या की ससाही आत शिरू नये.

"सुंद्रे!" भिवरा ओरडली. "अगं सुंद्रे!"

वरून घोगरा आवाज आला, "ओरडू नकोस. तिला ऐकू येतंय. तुलाच तिचं ऐकू येत नाही."

उंबरावर एक धनेश पक्षी बसला होता. एवढी मोठी चोच घेऊन तो मोठ्या थाटात बोलत होता.

"पेठ आहे तिथंच आहे," धनेश म्हणाला. "तुम्ही कज्जलेला पाहून न पाहिल्यासारखं केलंत. आता तुम्हाला कोणी पाहणार नाही. आतली माणसं बाहेरचं सारं पाहतात, ऐकतात. पण काट्यांबाहेर त्यांना पाऊल टाकता येत नाही. शाप लागला त्या दिवशी तू बाहेर होतीस म्हणून सुटलीस."

भिवरा काटे ओढून पाहू लागली. तोच रस्त्यावरून दवंडी आली, "ऐका हो ऐका! घाटाखाली रान माजलंय. उद्या पुनवेला सूर्य मावळायच्या आत गजध्वज महाराजांचे हत्ती ते तुडवून सपाट करतील. तिथं हत्तीखाना होणार होऽ!"

भिवराने दवंडीवाल्याचा हात धरला. "अहो, तिथं माणसं आहेत! माझी पोटुशी लेक आहे तिथं!"

दवंडीवाल्याने रानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "बाई, सावलीत बस जरा," म्हणाला आणि हात सोडवून चालू लागला.

आता रडायला तरी वेळ कुठं होता? भिवराने पदर खोचला, चुड्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि घाट चढू लागली. धनेश पुढं उडत वाट दाखवू लागला. पुनवेचा दिवस उजाडला तेव्हा ती कज्जलेच्या गुहेपाशी पोचली. गुहेत शापाने नाहीसं झालेलं सगळं धन रचून ठेवलेलं होतं. राजांचे मुकुट होते, देवळांचे कळस होते, सोन्याचे पाळणे होते. त्याला हात लावील त्याचा हातच नाहीसा होई. भिवराने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कज्जलाबाई," ती म्हणाली, "मला ओळखलंस?"

"ओळखलं. तू मान खाली घातली होतीस."

"हो, घातली होती. मला क्षमा कर. पण माझ्या लेकीने तुझं काय बिघडवलंय?"

कज्जला म्हणाली, "मला क्षमेचं काम नाही. तू विकणारी आहेस ना? तीन बांगड्या तीन जणींना विकून दाखव. तुमचा रिवाज पाळायचा. आपल्या मालाविषयी तू एक शब्द बोलायचा नाहीस. पहिली ओढ्यातल्या नागिणीला. दुसरी खिंडीतल्या पाषाणराणीला. तिसरी कोणाला, ते मग सांगीन. शाप उतरवायचा असेल तर सूर्य मावळायच्या आत काम झालं पाहिजे."

नागिणीला हात असतो का? नसतो. पण चेटकिणीशी हुज्जत घालून काय होणार? भिवरा ओढ्यावर गेली. नागीण फणा काढून उभी राहिली. माळरानावर पडलेल्या ताडाच्या सावलीएवढी लांब होती ती.

धनेश झाडावरून बोलला, "नागीणबाई, या कासारणीच्या बांगड्या मी पाहिल्या आहेत. काच सुबक, रंग पक्का. खोट एकच, दगडावर आपटली तर फुटते."

"मला हात नाही," नागीण फुत्कारली.

"शेपूट द्या," भिवरा म्हणाली. तिने ते गार, खवल्यांचं शेपूट मांडीवर घेतलं. सरावाच्या हाताने बांगडी अलगद चढवली. बांगडी कशी बसली ते नागिणीने वळून वळून पाहिलं. खूश झाली. किमतीऐवजी म्हणाली, "चल, मी तुझ्याबरोबर येते."

दोघी जणी खिंडीत पोचल्या तोवर ऊन माथ्यावर आलं होतं. पाषाणराणी तिथं पिढ्यान् पिढ्या उभी, दोन्ही मुठी घट्ट वळलेल्या. या वेळी नागीणच बोलली. गिऱ्हाइकाने केलेली तारीफ रिवाजात बसते की नाही? बसते! नागीण म्हणाली, "मी ही बांगडी घातली आहे. रुतत नाही, टोचत नाही. पाण्यात मात्र थंड लागते."

राणीचा दगडी ओठ हलला. "माझी मूठ उघडत नाही."

भिवराने ती मूठ दोन्ही हातांत घेतली. लग्नाच्या नवऱ्या मुली भेदरून हात आखडतात, तेव्हा कासारीण काय करते? बोलत राहते. भिवरा बोलत राहिली. "माहेर कुठलं हो तुमचं? भावंडं किती? धाकटीचं लग्न झालं का?" राणीला शतकानुशतकं कोणी माहेर विचारलं नव्हतं. ती सांगू लागली. सांगता सांगता एकेक बोट सैल झालं, आणि बांगडी मनगटावर चढली तेव्हा राणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

भिवरा धापा टाकत गुहेकडे परत आली. ऊन कललं होतं. खालून, फार दूरवरून, हत्तींच्या घंटा ऐकू येऊ लागल्या.

कज्जला म्हणाली, "तिसरी बांगडी मला विक."

तिने बोट उचललं. धनेशाची चोच मिटली ती मिटलीच, मागून येणारी नागीण वाटेतच निपचित पडली. "आता तुझ्या बाजूने बोलायला कोणी नाही," कज्जला म्हणाली. "मी बसले होते तशी बस."

घंटांचा आवाज वाढला. भिवरा कज्जलेसमोर बसली. आपली बांगडी चांगली आहे, एवढं म्हणायला जीभ वळवळत होती. पण म्हटलं की रिवाज मोडला, आणि लेक गेली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि मग ती कज्जलेच्या समोरून उठली अन् तिच्या शेजारी येऊन बसली.

"हे काय?" कज्जलेने विचारलं.

"शेजारी बसलं की शेजारणीच्या मालाचं बघावं लागतं," भिवरा म्हणाली. "तुझं काजळ दाखव."

"तुमच्या पेठेत म्हणाले, याने डोळे जातात."

"घालून पाहिल्याशिवाय मी कसं सांगू?"

कज्जलेने डबी पुढं केली. चेटकिणीचं काजळ! डोळे गेले तर लेकीचं तोंड पुन्हा कधी दिसायचं? पण तिने बोट बुडवलं आणि दोन्ही डोळ्यांत काजळ ओढलं. आग आग झाली. डोळ्यांपुढं मिट्ट काळोख पसरला. "गेले माझे डोळे!" ती किंचाळली.

मग काळोख हळूहळू विरला. आणि घाटाखाली भिवराला पेठ दिसली! कमानी दिसल्या, दुकानं दिसली. वेशीलगतच्या आपल्या घराच्या उंबरठ्यात पोट सावरत उभी असलेली सुंद्रा दिसली. आणि तिच्यासमोर, वेशीच्या पलीकडे, हत्तींची रांग.

भिवराने बांगड्यांची टोपली तिथंच टाकली. एका हातात काजळाची डबी घेतली, दुसऱ्या हाताने कज्जलेचं मनगट धरलं.

"सोड! तिसरी विक्री राहिली आहे," कज्जला ओरडली.

"बांगड्या गेल्या खड्ड्यात! बाजार खाली भरलाय, तुझं गिऱ्हाईक तिथं आहे. चल, पाय उचल!"

कज्जलेचा हात आजवर कोणी धरला नव्हता. ती ओढली गेली. भिवरा घाट उतरली कशी हे तिलाच ठाऊक. पाय रक्ताळले, पदर काट्यांत फाटला. सूर्य डोंगराला टेकला होता. पुढच्या हत्तीने सोंड वर केली, तेवढ्यात ती त्याच्या वाटेत उभी राहिली आणि तिने उभ्या पेठेला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"काजळ घ्या होऽ काजळ! कज्जलाबाईंचं काजळ! आधी झोंबतं, खोटं सांगत नाही. घटकाभर अंधारी येते. पण मग जे समोर असून दिसत नव्हतं ते दिसतं. असं काजळ सात मुलखांत नाही!"

अंबारीतून गजध्वज राजा म्हणाला, "बाई, बाजूला हो. या रानात विक्री कसली?"

"डोळ्यांत घालून मग बोला, महाराज."

"हमी कोणाची?"

"माझी! डोळे गेले तर माझे काढून घ्या."

राजा विचारात पडला, पण हत्तीला विचार कसला? त्याने पाऊल उचललं. ते पाऊल सुंद्राच्या डोक्यावर पडणार, हे त्या जमावात एकट्या भिवराला दिसत होतं. तिने झेप घेतली, सोंडेला लोंबकळली आणि काजळाचं बोट हत्तीच्या डोळ्यात फिरवलं. हत्ती चीत्कारला. उचललेलं पाऊल त्याने तसंच अधांतरी धरलं, मग हळूच मागं घेतलं आणि गुडघे टेकले. बाकीचे हत्ती जागच्या जागी थांबले.

राजा खाली उतरला. मुकाट्याने त्याने डबी घेतली, काजळ घातलं, कळवळला आणि मग पाहू लागला. "अरे देवा," तो एवढंच म्हणाला.

पण काटे अजून जागेवर होते, आणि सूर्य अर्धा बुडाला होता. भिवरा वळली. "कज्जलाबाई, आता तरी!"

कज्जलेचे डोळे भरले होते. "माझ्या मालाचं कोणी कधी चांगलं बोललं नव्हतं," ती म्हणाली. "पण तिसरी विक्री झाली नाही, म्हणून शाप माझ्या हाती राहिला नाही. जागा नाकारली म्हणून तो लागला. आता आतून कोणी जागा दिली तरच सुटेल."

काजळ घातलेल्या डोळ्यांना रायाजी शेट्ये दिसला, साळी दिसला, गंधी दिसला. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. चेटकिणीला शेजारी कोण बसवणार? उद्या काही झालं तर? तांबट तर चक्क मागं सरकला. अशा वेळीसुद्धा! भिवराचं डोकं सणकलं, पण ती बाहेर होती. तिच्या बोलण्याचा उपयोग नव्हता.

तेव्हा सुंद्रा उंबरठ्यातून उतरली. एका हाताने कंबर धरून ती आईच्या दुकानात गेली. मांडणी ओढली, कुरकुरत, कण्हत, पण ओढली. हातभर जागा होती तिची दोन हात केली. पदराने ती झाडली आणि थेट कज्जलेकडे पाहून म्हणाली, "या, मावशी. माझ्या शेजारी बसा. तारीफ मी करीन."

शब्द तोंडातून पडला मात्र, बाभळी मुळापासून उन्मळल्या, बोरी धूर होऊन उडाल्या. वेस उभी राहिली, कमानी उभ्या राहिल्या, आणि सगळ्या पेठेचा आवाज एकदम कानांवर आदळला. डोंगरामागं सूर्य गेला. राजाने हत्ती मागं फिरवले आणि पेठेची जमीन कायमची पेठेच्या नावे केली. डोंगरावर धनेशाची चोच उघडली, वाटेत पडलेली नागीण उठून आपल्या ओढ्याकडे गेली. रायाजी शेट्याने स्वतः वेशीबाहेर राहिलेली कज्जलेची टोपली डोक्यावरून आणून जागेवर ठेवली, आणि त्या दिवसापासून परक्याला शेजार देणं हाच पेठेचा पहिला रिवाज ठरला.

भिवरा मात्र यातलं काहीच ऐकत नव्हती. ती लेकीचे गाल, खांदे, हात चाचपत होती आणि इतका वेळ कोंडलेलं रडू आता ओघाने वाहत होतं.

"हत्ती अंगावर येत होता तर मागं सरायचं होतंस! दिवस भरलेली बाई तू, अक्कल आहे का तुला?"

"मागं सरले असते, तर तू येताना दिसली नसतीस, आई," सुंद्रा म्हणाली. "तू काल हाका मारत होतीस ना, तेव्हापासून मी इथंच उभी आहे. मीही हाका मारतच होते."

भिवराने लेकीला धरून घरात नेलं, खाली बसवलं आणि तिचे सुजलेले पाय मांडीवर घेतले.

उजाड झालेली पेठ जशी वसली, दुरावलेली लेक जशी भेटली, तशी ऐकणाऱ्या सगळ्यांना आपली माणसं भेटोत.