वाळ्याने गंध मुळाशी नेला

पूर्वी कृतयुगात, जेव्हा गवताच्या पात्यापात्यालाही सुगंध असे, तेव्हा मरुभूमीच्या कडेला, आटत चाललेल्या एका नदीच्या तीरी सोमश्रवा ऋषींचा आश्रम होता. उग्र पंचाग्निसाधनेने त्यांना दाहज्वर जडला होता. अन्न सुटले, पाण्याचीही शिसारी आली. पत्नी अनूपा वाळ्याची पाती घालून जे पाणी देई, तेवढेच त्यांच्या घशाखाली उतरे आणि त्यावरच त्यांचे प्राण टिकून होते.

त्याच सुमारास देवांच्या अतिभोगाने नंदनवन निर्गंध झाले. दोष स्वतःचा, पण भुर्दंड पृथ्वीला! झाडून सारा सुगंध स्वर्गात आणण्याची आज्ञा देवराज इंद्राने गंधवह वायूला केली. चंपक, केतकी, बकुळ यांनी मुकाट्याने माना खाली घातल्या. मग वायू अनूपेच्या दारी आला.

"तपस्विनी, चंपकाने दिला, केतकीने दिला. तुझ्या या तृणाची काय मातब्बरी?"

"चंपकाच्या घरी कोणी आजारी नसेल," अनूपा म्हणाली. "माझ्या घरी आहे. गंध मिळणार नाही."

वायू पात्यांना झोंबला. अनूपेने कमंडलू गवताच्या बुडाशी रिता केला. "वाळ्या, याचा हात पोचणार नाही तिथे जा." पाण्याबरोबर गंध खोल मुळांत उतरला आणि वायूच्या हाती कोरडी पाती उरली.

तेव्हा ऐरावतारूढ वज्रधर इंद्र स्वतः अवतरला. "उद्धट स्त्रिये, हे तृण देवाच्या मस्तकी कधी चढणार नाही. याचा गंध सुक्या मुळांत निजून राहील. आणि वायो, तू तप्त होऊन हिची पर्णकुटी भाजून काढ."

"निजू दे," अनूपा म्हणाली. "पाणी शिंपून उठवीन. देवाच्या मस्तकापेक्षा मला माझ्या माणसाचा घसा मोठा आहे."

तिने मुळे उपटली, त्यांचा पडदा विणून दारात टांगला आणि नदीतले उरलेसुरले पाणी त्यावर शिंपडले. तप्त वायू त्वेषाने धावून आला. पण आत जायला दुसरी वाट नव्हती. त्या ओल्या मुळांतून गाळून निघता निघता त्याचा दाह शमला, निजलेला गंध जागा झाला आणि तोच गंध वाहत वायू सोमश्रव्यांच्या शय्येपाशी पोचला. ऋषींनी डोळे उघडले आणि पाणी मागितले.

इंद्र रित्या हातांनी परतला. शाप मात्र खरा ठरला, वाळा कोणी देवाला वाहत नाही. पण ग्रीष्मात तो तहानलेल्याच्या माठात असतो, आजाऱ्याच्या दारात असतो. आणि त्याचा गंध हिरावायला आलेला वारा आजही तो घरात आणून देतो.