प्रधानाचा रहाट आणि येसू लोहारीण

एका राज्यात सुमेध नावाचा प्रधान होता. राजा गादीवर बसे, राज्य प्रधान चालवी. आणि या प्रधानाला यंत्रांचं भारी वेड! रयतेचं गाऱ्हाणं घेऊन दरबारात उडत येणारी तांब्याची घार त्यानंच घडवली, तेलावाचून जळणारा दिवा त्यानंच लावला. अठरा गावांना पाणी देणारा रहाट तर त्याचा जीव की प्राण.

एके दिवशी धूम्रकेश मांत्रिक रहाट बघायला आला. त्यानं कौतुकानं चाकावर बोट ठेवलं मात्र, प्रधान ओरडला, "हात लावू नका!"

मांत्रिक म्हणाला, "बरं. यापुढे तुझ्या यंत्रांना तुझ्यावाचून कुणाचाच हात चालणार नाही."

प्रधानाला आधी हे वरदानच वाटलं बरं का! पण वर्षं सरली, हात कापू लागले. तो तापानं पडला की अठरा गावांच्या घागरी कोरड्या. आपल्यामागे अठरा गावांच्या लेकरांचं काय, या घोरानं त्याला अन्न गोड लागेना.

तेव्हा रहाटावरचा सुतारपक्षी बोलला, "प्रधानजी, हा शाप सोडवायचा तर तीन कामं करा. मांत्रिकाच्या गुहेतल्या अजगराच्या डोक्याखालची किल्ली आणा. तिनं रहाट उघडा. मग तो दुसऱ्याला जोडू द्या, आणि तुम्ही मध्ये पडू नका."

अजगर झोपला होता, किल्ली मिळाली. रहाट उघडला. जोडायला येसू लोहारीण बसली, आणि इथं प्रधानाची खरी कसोटी लागली.

"अगं बाई, ते चाक उलटं..."

"प्रधानजी!" पक्षी म्हणाला.

प्रधानानं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. येसूनं दोन खिळे वाकवले, एक दांडा तर तोडूनच टाकला. त्या दांड्यापायी प्रधानानं तीन वर्षं घालवली होती हो! बिचाऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण त्यानं अवाक्षर काढलं नाही.

येसूनं रहाट फिरवला. पाणी धो धो वर आलं. मग तिच्या शेजारणीनं फिरवला, तरीही आलं. शाप सुटला.

बघायला आलेला राजा म्हणाला, "प्रधानजी, आता तुम्ही."

प्रधानानं जोर लावला. रहाट जागचा हलेना.

"उलटा फिरवताय," येसू म्हणाली. "सरका जरा, दाखवते."

आणि प्रधान सरकला. सरकला, आणि पोरासारखा खळखळून हसला.

अठरा गावांच्या घागरी भरल्या, ऐकणाऱ्यांच्याही भरोत.