सत्तावीस अंशांची हवा

सांगणार नव्हतो. पण या सदराच्या बाई तीनदा घरी आल्या, तिन्ही वेळा चहा माझाच प्याल्या, आणि वर म्हणाल्या, कॉम्प्युटरवर सर्किट चालवून बघायला शिकणाऱ्या नवख्या मुलांसाठी एखादा दृष्टांत द्या. मी काय कीर्तनाला उभा राहतो? चौथीत शाळा सुटली माझी. तरी एकदा हो म्हणून बसलो, तेव्हा आता ऐका. गोड लागायचा नाही.

एकदा एक म्हातारा मिस्त्री होता. रेडिओ, पंखे, पंपाचे स्टार्टर, जे बिघडेल ते दुरुस्त करी. लोक त्याला ज्ञानी म्हणत. तसं काही नव्हतं, बोटं तेवढी जाणती होती. त्याच्याकडे एक शिष्या येई. पदविकेच्या पहिल्या वर्षाला होती. तालुक्याच्या गावी एका क्लासात ती एक नवी विद्या शिकून आली होती. पडद्यावरच्या यादीतून एकेक भाग ओढून आणायचा, रेघांनी जोडायचा आणि बटण दाबायचं. मग खऱ्या विजेला हात न लावता ती कशी धावेल ते रंगीत रेघांत दिसतं. पहिले दोन दिवस त्या प्रोग्रॅमनं तिला काही चालवूच दिलं नाही, कारण चित्रात जमिनीची, म्हणजे ग्राउंडची, खूण काढायची राहून गेली होती. ती काढली आणि गाडी सुरू झाली. मग तिनं मुद्दाम एका इवल्याशा दिव्याला दोनशे तीस व्होल्ट जोडून पाहिले, तरी काही जळलं नाही. हे ती मोठ्या कौतुकानं मिस्त्रीला सांगायला आली.

मिस्त्री म्हणाला, "जळत नाही, मग वास कशाचा घ्यायचा?"

ती हसली. आबांचं आपलं असंच, असं तिला वाटलं.

त्या वर्षी मार्गशीर्षात वस्तीवर मानमोडी आली. हा कोंबड्यांचा रोग एकदा शिरला की आठ दिवसांत खुराडं रिकामं करतो. वस्तीवर एक विधवा बाई होती. तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेली काळ्या पिसांची कोंबडी तिच्याकडे होती. ती जात आसपास दुसऱ्या कुणाकडे उरली नव्हती. कोंबड्या गेल्या, कोंबडे गेले. राहिली ती रोग यायच्या आधीची चौसष्ट अंडी, आणि त्यांच्यावर खुडूक बसायला एकही कोंबडी नाही. अंडं आठ-दहा दिवसांच्या वर थांबत नाही. बाई मिस्त्रीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, ऊब देणारी पेटी करतोस का? ही गेली की माझी जात संपली."

शिष्येनं काम अंगावर घेतलं. एका बैठकीत तिनं पडद्यावर पेटी मांडली. उबेच्या पेटीचा एक तयार नमुना प्रोग्रॅमबरोबरच आला होता, तोच तिनं उचलला. ऊब उतरली की ट्रान्झिस्टर हीटर चालू करणार, चढली की बंद करणार. बटण दाबलं. हिरवी रेघ साडेसदतीस अंशांवर जी बसली ती हलेना. क्लासाच्या मास्तरांना तिनं फोनवर चित्र दाखवलं, ते म्हणाले फर्स्ट क्लास.

सोल्डर, म्हणजे डाग देऊन सांधे जोडायचं काम, मिस्त्रीनं केलं, कारण तिचा हात अजून बसलेला नव्हता. पेटी पहिल्यांदा तापायला लावली तेव्हा त्यानं ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. बोट ठेववत नव्हतं. खणातून त्यानं ॲल्युमिनियमची एक पट्टी काढली, म्हणाला, ही मागं लावू, उष्णता ओढून घेईल. शिष्येनं त्याला पडदा दाखवला. आबा, हे सुरुवातीपुरतंच आहे, एकदा ऊब आली की हीटर थोडा वेळ चालतो आणि बराच वेळ बंद राहतो, तेवढ्यात हा निवतो. आणि झालंही तसंच. तासाभरानं ट्रान्झिस्टर कोमट लागला. मिस्त्रीनं पट्टी परत खणात टाकली. दोन स्क्रूंचं काम होतं.

एकोणीस दिवस पेटी बाईच्या घरी चालली. बाई दिवसातून तीनदा अंडी फिरवी. विसाव्या दिवशी तिनं एक अंडं कानाला लावलं, तर आत चिवचिव होती. वस्तीवरच्या बायका येऊन आळीपाळीनं ऐकून गेल्या. शिष्येनंही ऐकली. परीक्षेत पहिली आल्यावर झाला नव्हता एवढा आनंद तिला त्या दिवशी झाला, असं तिनं पुढं कधीतरी सांगितलं.

त्याच रात्री हवा फिरली. पहाटे कुडाच्या कडेला गवतावरचं दव गोठलं होतं. सकाळी बाईनं पेटीचं दार उघडलं तर तोंडावर वाफ आली. आत बासष्ट अंश. गावावर हाडं गोठवणारी थंडी आणि पेटीतली चौसष्ट अंडी भाजलेली. अकरा पिलांनी चोचीनं टवका पाडला होता. चोची बाहेर होत्या, तशाच राहिल्या.

लोक जमले. क्लासाचे मास्तरही मोटारसायकलवरून आले. त्यांनी उभ्या उभ्या निवाडा दिला, कॉम्प्युटर चुकत नसतो. म्हाताऱ्याला दिसत नाही, सोल्डर कच्चं केलं असणार. चार डोकी हलली. शिष्या खाली मान घालून उभी होती. पट्टी नको कोण म्हणालं होतं ते तिला आठवत होतं. मिस्त्रीनं तिला एवढंच सांगितलं की जा, तुझा कॉम्प्युटर घेऊन ये.

तिनं तो आणला. मिस्त्रीनं तो त्या पेटीवरच ठेवायला लावला. पेटी अजून गरम होती.

"चालव," तो म्हणाला.

तिनं चालवलं. हिरवी रेघ साडेसदतीसवर सरळ.

"पुन्हा."

पुन्हा सरळ. मागच्या दारातून दिसत होतं, बाई खड्डा खणत होती आणि टोपल्यातून एकेक अंडं हातानं खाली ठेवत होती, फेकत नव्हती. मिस्त्री पुन्हा म्हणाला, चालव. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मास्तर हसून निघून गेले. सातव्यांदा रेघ सरळ आली तेव्हा शिष्येनं बटणावरचा हात काढून घेतला. म्हणाली, "आबा, बस करा ना. मला रागवा, पण हे नको."

तेव्हा तो बोलला. "रागवून काय होतं? तुझ्या या यंत्रात पिलं अजून जिवंत आहेत. सात वेळा जगली ती आत्ता. आणि इथं बाई माती लोटतीय. दोन्हींतलं एक खोटं आहे पोरी, आणि माती खोटी नाही. त्या पडद्यात मरण कुठं दडलंय ते हुडक. चाललं म्हणून खूश व्हायला नाही दिलेलं हे यंत्र. तिथं मारून बघायला दिलंय. तिथं हजारदा मेलं तरी कुणाचं घर बसत नाही. तू तिथं एकदाही मारलं नाहीस, म्हणून इथं मेलं." मग म्हणाला, "आणि माझ्या बोटाला कळलं होतं. पण चौथी शिकलेलं बोट पडद्यापुढं गप्प बसलं. ते पाप माझं."

शिष्या पेटीशेजारी जमिनीवर बसली. त्या तयार नमुन्याचा एकेक कप्पा तिनं उघडायला घेतला. आजवर एकही उघडला नव्हता, बटण दाबलं की चालत होतं ना. उन्हं डोक्यावर आली तेव्हा एका कोपऱ्यात तिला एक आकडा सापडला. बाहेरची हवा: सत्तावीस अंश. कुणी काही सांगितलं नाही तर तो प्रोग्रॅम सत्तावीसच धरून चालत होता. त्याच्यात पौष नव्हता, दव नव्हतं, कुडाच्या फटी नव्हत्या. तिनं सत्तावीस खोडून चार लिहिलं आणि बटण दाबलं. हीटर चालू झाला तो कितीतरी वेळ बंद होईना. मग तिनं ट्रान्झिस्टरच्या उष्णतेची रेघ काढली. तीही पहिल्यांदाच. रेघ चढत चढत एकशे नव्वदवर गेली. भागाच्या कागदावर लिहिलेली मर्यादा दीडशेची होती. जळालेला ट्रान्झिस्टर बंद पडत नाही, पुष्कळदा चालूच अडकून बसतो, हे मिस्त्री तिला पूर्वी सांगून चुकला होता. पडद्यावर काही जळलं नाही, वास आला नाही. नुसती एक रेघ वर गेली. पण आता तिला त्या रेघेत चौसष्ट अंडी दिसली.

ती उठली आणि मागच्या दारानं बाईकडे गेली. म्हणाली, "मावशी, सोल्डर चांगलं होतं. आबा पट्टी लावत होते. मीच नको म्हणाले."

बाईनं हातातली माती झटकली. पोरीकडे बघून ती एवढंच बोलली, "काल कानाला लावून ऐकली होती गं मी."

ती जात काही परत आली नाही. पेटीत बाई आता कांदे ठेवते. शिष्या पुढं मोठ्या कारखान्यात लागली. तिच्या हाताखालच्या नव्या मुलांना ती आधी यंत्र चालवून दाखवायला सांगत नाही. कशानं मरेल ते दाखव, म्हणते.

यंत्र 'चाललं' म्हणालं, की कुठल्या हवेत, एवढं विचारा.

त्या बाईची माफी पोरीनं मागितली. मिस्त्रीनंही मागितली, तिच्या दारात बसून, म्हणजे मीच मागितली, आता लपवून काय करू? राहिला एकच. सोल्डर कच्चं म्हणून चारचौघांत बोलून गेलेला क्लासाचा मास्तर, विश्वंभर धोत्रे.