मोगरीची गोपद्मं

फार वर्षांमागे राधाकाकूंनी चातुर्मासाचा नेम धरला होता. रोज तुळशीपुढे गोपद्मं, म्हणजे गाईची तेहतीस पावलं, रांगोळीने काढायची. त्यांच्याच गोठ्यातल्या मोगरी गाईला मात्र आपल्या पावलांची लाज वाटे.

वासरू असताना ती ओल्या सड्यावर नाचून खुरांची नक्षी उमटवायची. एकदा म्हातारा बैल ढवळ्या म्हणाला, "अंगण नासवलंस की गं. खूर आहेत की मुसळं?" सगळा गोठा हसला. तेव्हापासून मोगरी अंगणाच्या कडेकडेने, कोरड्यातूनच चालायची.

एका सकाळी काकूंचा उजवा हात वाफेने भाजला. चिमूट धरवेना. परातीत रांगोळीचं तांदळाचं पीठ तसंच, आणि नेम मोडणार म्हणून काकू वृंदावनापाशी डोळे पुसत बसलेल्या. चरायला निघालेली मोगरी थबकली. तुळशीच्या ओट्यावरची कालची पुसट गोपद्मं तिने पहिल्यांदाच नीट पाहिली. ती तर हुबेहूब तिच्या खुरांसारखी होती.

"पुन्हा नासवणार वाटतं," ढवळ्या पुटपुटला.

"नासलं तर नासलं, मामा. काकू रोज काढतात ते माझंच पाऊल आहे."

तिने परातीत खूर बुडवले आणि ओल्या अंगणात वासरासारखी गिरकी घेतली. पांढरी पावलं उमटत गेली. तेहतीस झाली, चाळीस झाली, काकू मोजायचं विसरल्या. पदर पसरून त्यांनी त्या पावलांना नमस्कार केला.

त्या दिवशी ढवळ्या कडेकडेने गेला, नक्षी मोडू नये म्हणून.

बायांनो, लहानपणी तुम्हालाही कुणी हसलं असेल. उद्या सडा ओला आहे तोवर एक पाऊल तुम्हीही उमटवा.